समताला येणारे वास

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
८ सप्टेंबर २०२४

प्रिय समतास,

जय भीम.

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे. आईची साखर आटोक्यात आहे, माझी नोकरी जानेवारीच्या एकतीस तारखेपर्यंत आहे. फोन केला असता, पण फोनवर माझा आवाज चढतो. हे तुला आधीपासून माहीत होतं, मला आता कळतंय.

कामाचं लिहितो. आमच्या ऑफिसात इंग्रजी पेपर येतो. मे महिन्यात शेजारच्या टेबलावरच्या सुधाकरने शनिवारची पुरवणी माझ्यापुढे धरली. "ही तुमची समता ना?" फोटो तुझाच होता. हातात ग्लास. मी म्हटलं, नावासारखं नाव असेल. तो जेवायला गेल्यावर मी पुरवणी घडी करून पिशवीत टाकली. तेव्हापासूनचे तुझे सगळे लेख माझ्याकडे आहेत. चौदा झाले. आईला माहीत आहे.

इंग्रजी तुझं चांगलं आहे. काही ठिकाणी विशेषणं जास्त होतात. पण माझी अडचण वेगळी आहे. न्यूझीलंडच्या पांढऱ्या वाईनबद्दल तू लिहिलंस की तिला गूसबेरीचा आणि कापलेल्या गवताचा वास येतो. गवत समजलं. गूसबेरी म्हणजे काय, ते बघायला मी आयएनए मार्केटला गेलो. पहिल्याने आवळा काढून दिला. दुसरा म्हणाला, "ये नहीं अंकल, रसभरी." तिसऱ्याने पाकातल्या हिरव्या गोळ्यांचा परदेशी डबा दाखवला आणि म्हणाला असली माल हाच आहे. मी आवळा घेतला. घरी चिरून नाकाशी धरला, कशाचाच वास आला नाही. हल्लीच्या मालाला वास तरी कुठे असतो?

तुला नक्की कशाचा वास येतो, ते मला जाणून घ्यायचं आहे. वाईन मी पिणार नाही. पाचवं शील मी घेतलेलं आहे आणि ते सुटणार नाही. पण तुझ्या लेखातल्या बाकीच्या वस्तू दुकानात मिळतात. त्या आणून वास घ्यायला काही हरकत नाही, असं मी ठरवलं आहे.

तीन वर्षांपूर्वी तू माझ्यासाठी शाल आणली होतीस. मी ती परत केली आणि म्हणालो की दारूच्या कंपनीच्या पगाराची शाल मी अंगावर घेणार नाही, हे घर पंचशील मानणारं आहे, जमत नसेल तर येऊ नकोस. तू आली नाहीस. तू माझं ऐकायची नाहीस अशी माझी समजूत होती. एवढं एकच कसं ऐकलंस?

उत्तर द्यावं असं नाही.

तुझा बाबा

ता.क. आई दर महिन्याला ब्लाउजपीस आणायला सरोजिनी नगरला जाते आणि ब्लाउजपीस काही घरी येत नाही. तुम्ही दोघी तिथे भेटता, हे मला माहीत आहे. तिला सांगू नकोस.


२९ सप्टेंबर २०२४

प्रिय समतास,

जय भीम.

मागचं पत्र पोचलं असेल. पोस्टातल्या माणसाने पत्ता वाचला आणि म्हणाला, "नोएडा? अंकल, मेट्रो से खुद ही दे आते." मी म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा.

तुझा स्पेनवरचा लेख वाचला. तिथल्या वाईनचा उच्चार रिओखा असाच ना? त्यात तू लिहितेस, जुनं चामडं, तंबाखूची पेटी, व्हॅनिला. तंबाखू मी टाळली. व्हॅनिलाची बाटली आईने केकसाठी आणलेली होती. चामड्यासाठी सरोजिनी नगरला गेलो. पट्ट्यांच्या गाडीवर "प्युअर लेदर, प्युअर लेदर" असं ओरडत होते. एक पट्टा उचलून हुंगला. दुसरा हुंगला. चौथ्याला गाडीवाला म्हणाला, "अंकल, पहनना है या खाना है?" बाजूच्या बायका हसायला लागल्या. आई माझ्याबरोबर होती, ती दहा पावलं पुढे जाऊन उभी राहिली, जणू आमची ओळखच नाही. पट्ट्याला वास नव्हता. रेक्झिनच असणार. दिल्लीत प्युअर काही मिळत नाही.

आई म्हणाली, "अहो, एवढं करताय त्यापेक्षा पोरीला फोन करा." मी म्हटलं, अभ्यास चाललाय. ती म्हणाली, "कशाचा?"

चिलीच्या लाल वाईनला ढोबळी मिरचीचा वास येतो हे वाचून मात्र हसू आलं. तू लहानपणी ताटातली ढोबळी मिरची उचलून माझ्या ताटात टाकायचीस. आता तिच्यावर आठशे शब्द लिहितेस.

तुझा बाबा


२० ऑक्टोबर २०२४

प्रिय समता,

जय भीम.

तुझं पत्र बुधवारी आलं. ऑफिसातून आलो तर आईने ते देव्हारा नसलेल्या आपल्या घरात बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोसमोर ठेवलं होतं. उघडलं नव्हतं. "तुमच्या नावाचं आहे," म्हणाली.

तू लिहिलंस की कामावर एका सकाळी चाळीस वाईन चाखाव्या लागतात आणि सगळ्या थुंकाव्या लागतात. त्यासाठी बादली ठेवलेली असते, प्यायलं तर दहाव्या ग्लासनंतर जीभ निकामी होते. हे वाचून मी खुर्चीवरून उठलो. तीन वर्षं, समता! तू थुंकतेस आणि मी तुला या घरात येऊ नकोस म्हणालो. मला कुणी सांगितलं नाही, असं लिहिणार होतो. पण मी विचारलंच कुठे होतं? आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती रडली.

मग पुढची ओळ वाचली. "बाबा, एवढ्यावर खूश होऊ नका. शनिवारी जेवताना मी एक ग्लास पिते. आवडतं म्हणून पिते. तुम्ही बोलायला लागलात म्हणून मी खोटं बोलणार नाही."

ही ओळ मी आईला वाचून दाखवली नाही. तीन दिवस पत्र खिशातच ठेवलं. मग काल तिलाही वाचून दाखवली. ती म्हणाली, "मला माहीत आहे. मला तिने पहिल्याच वर्षी सांगितलं." या घरात सगळ्यात शेवटी मला कळतं. तसं घर मीच केलं असणार.

तू खरं लिहिलंस, तर मलाही एक खरं लिहायला हवं.

तुझ्या आजोबांची गोष्ट मी तुला कितीदा सांगितली. दीक्षा घेऊन नागपूरहून हिंगणघाटला परत आले, त्यानंतर शामरावांनी थेंब घेतला नाही. वसाहतीच्या मंडळात, दर कार्यक्रमात मी ती सांगतो. ती पूर्ण खरी नाही.

मी दहा वर्षांचा असताना माझी धाकटी बहीण तापाने गेली. पाच वर्षांची होती. तिला पुरून आल्यावर बा कुठेतरी निघून गेला. संध्याकाळी आला आणि माझ्याजवळ बसला. मला वास आला. माझं नाक तेव्हा तुझ्यासारखं होतं. त्याने एवढंच म्हटलं, "आज रायलं नाही गा." पुढच्या रविवारी विहारात तो नेहमीसारखा वंदना घ्यायला पुढे उभा राहिला. मी सगळ्यांसमोर उभा राहून म्हणालो, "बा पिऊन आला होता."

बा खाली बसला. त्यानंतर त्याने कधी वंदना घेतली नाही. लोकांनी खूप आग्रह केला तरी नाही. आणि मी त्याच्याशी बोलणं सोडलं. वार्षिक परीक्षेपर्यंत, म्हणजे आठ महिने. तो माझ्या बाजूला जेवायला बसायचा आणि म्हणायचा, "बोल ना गा, धम्मा." मी ताट उचलून माय बसायची तिथे जायचो. माझं बरोबर होतं ना! मी शील मोडलं नव्हतं.

एवढ्या वर्षांत हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. तुझं पत्र वाचताना मला पहिल्यांदा असं वाटलं की त्या घरात दुःख दोघांना होतं, आणि त्याला आठ महिने एकट्यानेच ते पेलावं लागलं.

तुझ्या ग्लासबद्दल माझं मत बदललेलं नाही. तू न घेशील तर मला बरं वाटेल. पण मी बोलणं सोडणार नाही.

बाबा


१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय समता,

अक्षर बारीक आलं आहे, सांभाळून घे. पेन खराब आहे.

हवा फार वाईट आहे. इथून समोरची इमारत दिसत नाही. आई दार-खिडक्या लावून बसते आणि म्हणते जळका वास घरात भरलाय. सुधाकर तोंडाला मास्क लावून येतो आणि दिवसभर म्हणतो, काय वास, काय वास. मी हो म्हणतो.

तुझा जर्मनीवरचा लेख चांगला झाला आहे. विशेषणं कमी झाली. तिथल्या जुन्या रिस्लिंग वाईनला पेट्रोलचा वास येतो आणि जाणकार लोक त्याची वाट पाहतात, हे वाचून मी सुधाकरला सांगितलं. तोही चक्रावला. संध्याकाळी त्याच्या स्कूटरवरून येताना पंपावर थांबलो. मी उतरून अगदी जवळ गेलो, नळीपाशी. पंपावरच्या माणसाने मला मागे सारलं. घशात थोडं चुरचुरलं.

सुधाकर म्हणाला, "बस की आता, डोकं दुखायला लागलं वासाने."

बाकी ठीक. तू सरोजिनी नगरपर्यंत येतेस, तर पुढचा दहा मिनिटांचा रस्ता तुला माहीत आहे. हे आमंत्रण समजावं.

बाबा


८ डिसेंबर २०२४

प्रिय समता,

काल आपण दिवसभर बरोबर होतो तरी लिहितोय. तुझ्यासमोर मला धड बोलता येत नाही, लिहिताना येतं.

तू गुरुवारी आलीस. मी दार उघडलं. तीन वर्षांनी मुलगी दारात उभी राहिली तर काय बोलायचं, याची मी तयारी केली होती. तू चप्पलही काढली नाहीस. म्हणालीस, "बाबा, तिथपर्यंत चालून दाखवा." मी म्हटलं, अगं आधी आत तर ये. तू म्हणालीस, "चालून दाखवा." मी चाललो. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तू तिला म्हणालीस, "बघ, डावा हात हलतच नाही." मग तू चप्पल काढलीस.

तू माझी सगळी पत्रं एकाखाली एक ठेवून मोजलीस, असं नंतर सांगितलंस. सप्टेंबरमध्ये एका ओळीत नऊ शब्द, नोव्हेंबरमध्ये सोळा. मला वाटलं होतं, तू त्यात काय लिहिलंय ते वाचशील.

काल डॉक्टरबाईंनी विचारलं, वास येतो का? मी म्हणालो, थोडा कमी झाला असेल. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "सप्टेंबरपासून तरी अजिबात येत नाही. आवळा, चामडं, पेट्रोल, काहीच नाही." मग आईने त्या करपलेल्या दुधाचं सांगितलं. मी शेजारीच पेपर वाचत बसलो होतो आणि पातेलं काळं झालं तरी मला कळलं नाही. मी तिला म्हटलं होतं की माझं लक्ष नव्हतं. खरं तर माझं लक्ष होतं, नाकच नव्हतं. मला हे दिवाळीपासून माहीत होतं. आधी बाजारातल्या मालाला दोष दिला, मग पेनाला.

पार्किन्सन हा शब्द डॉक्टरबाईंनी फार हळू उच्चारला. सुरुवात आहे म्हणाल्या, गोळ्यांनी पुष्कळ वर्षं नीट जातात, वास मात्र यात आधी जातो आणि बहुतेक परत येत नाही. तुम्हाला इतक्या लवकर कसं कळलं, असंही त्यांनी विचारलं. सहसा हात कापायला लागल्यावर लोक येतात म्हणे. आपण दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. त्या बिचाऱ्या बाईंना काय सांगायचं, की बाप मुलीच्या वाईनचा अभ्यास करत होता!

तू बाहेर बाकावर बसून रडलीस, ते मी खिडकीतून बघितलं. मग तोंड धुऊन आलीस आणि म्हणालीस, "चला, कॅब आली." मी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

नाकाच्या सरावासाठी लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरीच्या बाटल्या तू ठेवून गेलीस, त्या आज सकाळी हुंगल्या. चारही सारख्याच. तरी रोज दोनदा हुंगेन. तू दर रविवारी येऊन परीक्षा घेणार आहेस, तर नापास होण्यासाठी तरी हजर राहीन.

मला भीती वाटते आहे. आईला हे सांगितलेलं नाही.

बाबा


१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय समता,

गोळ्या लागू पडल्या आहेत. अक्षर बघ. पुन्हा नऊ शब्दांवर आलो.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या.

पहिली मंडळातली. निवृत्तीनंतरच्या रविवारी मंडळाने चहाचा कार्यक्रम ठेवला होता. तू तेव्हा मुंबईला होतीस. सचिव विक्रांत, तो नागपूरचा, सगळ्यांसमोर म्हणाला, "सर, समता काय करते सध्या?" गेली तीन वर्षं मी या प्रश्नाला "मार्केटिंगमध्ये आहे" असं उत्तर देत आलो. त्या दिवशी म्हटलं, "वाईन चाखते. जगभरच्या. आणि त्यावर पेपरात लिहिते. चांगलं लिहिते." कुणी तरी समोशांची बशी पुढे सरकवली. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "धम्मपालजी, मग तुम्ही लोकांना पंचशील कसं देणार?" मी म्हणालो, मी घेतलं आहे ते मी पाळतो. मुलीला मी दिलं होतं. तिने त्यातलं किती घेतलं, हा हिशोब माझा नाही. आणि मग बाची गोष्टही सांगितली. या वेळी पूर्ण.

बारा तारखेच्या पौर्णिमेला वंदना घ्यायला मला बोलावणं आलं नाही. दुसऱ्याला सांगितलं होतं. मी गेलो, मागे बसलो, वंदना म्हटली. वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू. पण घरी आल्यावर झोप चांगली लागली.

दुसरी गोष्ट कालची.

नोएडाच्या हॉटेलातल्या तुझ्या वाईनच्या कार्यक्रमाला येईन की नाही, हे मी तुला शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. आई म्हणाली, "तुम्ही तिथे पाणी प्या. तिला बघायला चला." आम्ही आलो तेव्हा तू बोलायला सुरुवात केली होतीस. आईला दारापाशी ओळखीच्या कुणी धरलं. मी एकटाच शेवटच्या रांगेत बसलो. साठेक माणसं असतील, सगळी सुटाबुटातली, प्रत्येकासमोर चार ग्लास. माझ्यासमोरही ठेवले. मी नको म्हणेपर्यंत ओतूनही झालं होतं.

तू जॉर्जिया देशाबद्दल सांगत होतीस. मातीचे रांजण जमिनीत पुरतात आणि द्राक्षं सालींसकट त्यात सहा महिने ठेवतात. सगळे ऐकत होते. तू मध्ये थांबून एकाच्या प्रश्नाला "मला हे माहीत नाही, शोधून सांगते" म्हणालीस. एवढ्या लोकांसमोर. मला आयुष्यभर ऑफिसात हे वाक्य उच्चारता आलं नाही.

मग तू म्हणालीस, ग्लास उचला, फक्त वास घ्या, घाई करू नका. सगळ्यांनी उचलला. मीही उचलला. रंग जुन्या मधासारखा होता. नाकाशी धरला, डोळे मिटले. काही आलं नाही. पण मी ग्लास खाली ठेवला नाही. तू पुढे उभी राहून सांगत होतीस, अक्रोड, सुकवलेलं जर्दाळू, चहाची ओली पत्ती, आणि मी एकेक ऐकत होतो.

शेजारी तिशीतला एक मुलगा बसला होता, कुठल्या तरी आयटी कंपनीतला. वहीत भराभरा लिहून घेत होता. त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "सर, आपको क्या-क्या मिल रहा है?"

मी म्हटलं, "मुझे कुछ नहीं आता, बेटा. मैं तो इनका पिता हूँ."

त्याने एकदा तुझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. वही बंद केली, उठला, आणि सगळ्यांच्या खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेला. पहिल्या रांगेतल्या एका बाईंच्या कानात काही बोलला. त्या लगेच उठल्या. मग तो परत आला, माझा हात धरला आणि मला पुढे नेऊन बसवलं. बाईंनी हात जोडले. मी काय करावं ते न कळून मीही जोडले. तेवढ्यात तू वर बघितलंस आणि तुझं वाक्य अर्ध्यात तुटलं.

परत येताना गाडीत तू विचारलंस, "बाबा, तुम्ही मागे होतात ना? पुढे कसे आलात?" मी म्हटलं, मागे एसी फार होता.

एसी बंद होता.

तुझा बाबा